लुमेनराव

आटपाट नगर होतं. सिडकोने आखलेलं, म्हणून त्याला पेठा नव्हत्या, सेक्टर होते. एका अंगाला खारघरची टेकडी, पावसाळ्यात तिच्यावरून पांढऱ्या रेघा उतरायच्या. दुसऱ्या अंगाला मेट्रोचा पूल. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून पेठपाड्याच्या बाजूच्या आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोरून संध्याकाळी थोड्या थोड्या वेळाने एक उजळलेली गाडी जाते. लहान मुलांना तिचं कौतुक, म्हाताऱ्यांना सोबत.

याच मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांचं खरं नाव सांगून उपयोग नाही, कारण आता इमारतीतली पोरं, वॉचमन आणि इस्त्रीवालासुद्धा त्यांना लुमेनराव म्हणतो. तोंडावर नाही, अर्थात.

नाव पडलं ते एका खोक्यावरून. दिवाळीच्या सेलमध्ये त्यांनी सात हजारांचा प्रोजेक्टर मागवला. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं : १२,००० लुमेन. लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला ते खोकं फिरवून तो आकडा दाखवत. "मल्टिप्लेक्सला आता रामराम. तीनशेचे पॉपकॉर्नही वाचले."

पहिल्या रात्री आम्हा शेजाऱ्यांनाही बोलावणं होतं. हॉलची मोठी भिंत मोकळी केली होती. घड्याळ, कालनिर्णय, लग्नातला फोटो, सगळं उतरवलं, खिळे मात्र तसेच राहिले. 'अशी ही बनवाबनवी' लावला. १९८८ चा सिनेमा, खोलीतल्या प्रत्येकाला पाठ. तरी अशोक सराफांच्या गालावर बरोब्बर एक खिळा आला आणि ते मान हलवतील तसा तो कधी नाकावर, कधी कानात जाऊ लागला, तेव्हा जो हशा पिकला तो सिनेमातल्या विनोदांनाही पिकला नाही. सतरंजीवर दहा-बारा जण, दिवाणावर आजी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वहिनी. सिनेमा सुरू व्हायच्या आधी वहिनींनी ओट्यावरचा दिवा मालवला होता. आजींनी देवघरातला बल्ब बंद करून नुसती समई ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही घरून निघताना आमच्या दारावरचा दिवा बंद करूनच आलो, कारण त्याची तिरीप समोरच्या भिंतीवर पडते हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक.

त्या रात्री कुणीच लुमेन मोजले नाहीत.

मोजणी सुरू झाली पंधरवड्याने. नवलाई ओसरली आणि घर आपल्या वळणावर आलं. संध्याकाळी सातनंतर हॉलमध्ये काय काय चालतं ते कुठल्याही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहिलेल्याला सांगायला नको. आजींचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. त्यांना मेथी निवडायला डोक्यावर ट्यूब लागते. नववीतल्या मुलाचा गृहपाठ, वहिनींच्या दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी, सगळं त्याच ट्यूबखाली. ट्यूब लावली की भिंतीवरचा नायक धुक्यात गेल्यासारखा दिसे आणि खलनायक तर पार पुसूनच जाई.

"आई, दोन तास अंधारात बसलं तर बिघडतं काय?"

"मेथीत अळी असते रे बाळा."

"मग उद्या सकाळी निवड."

असं रोज. शेवटी फ्रिजवर कागद लागला : रात्री ८ ते १०.३० हॉलमध्ये लाईट बंद. खाली सही. आपल्याच घरात सहीची नोटीस लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आमचा भाचा लाईट-साऊंडच्या धंद्यात आहे. तो एकदा आला असताना लुमेनरावांनी त्याला मशीन तपासायला नेलं. त्याने उजेड मोजायचं मीटर काढलं, भिंतीवर नऊ ठिकाणी धरलं, सरासरी काढली, क्षेत्रफळाने गुणलं. याला अ‍ॅन्सी लुमेन म्हणतात आणि हिशेबाची खरी रीत तीच. उत्तर आलं दोनशेच्या आसपास. बारा हजारांचे दोनशे! खोक्यावरचा आकडा कुणी कशावरून छापला होता हे खोकंच जाणे. स्वस्तातल्या मशीनवर असे आकडे सर्रास असतात. भाच्याने पुढचंही समजावलं. शंभर इंची चित्र म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. एवढ्या भिंतीवर दोनशे लुमेन पसरले की पोह्यांवर चमचाभर खोबरं भुरभुरल्यासारखे. उलट हॉलमधली २० वॅटची साधी एलईडी ट्यूब दोन हजारांच्या घरात उजेड देते. त्यातला थोडा जरी भिंतीवर गेला, तरी चित्र हरलं.

"आणि काका, अजून एक. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावर काळं दिसतं ती म्हणजे याने जिला हात लावला नाही अशी भिंत. खोली जेवढी काळोखी, तेवढाच तुमचा काळा काळा."

लुमेनरावांनी यातलं पहिलं वाक्य मनावर घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. दोनशे कमी पडतात? मग जास्तीचे आणू.

माझं मत विचाराल तर इथे त्यांनी कल्याणला एक मनोमन फेरी मारायला हवी होती. आपल्याकडे सिनेमा यायच्या आधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, एकाहून अधिक कंदिलांतून पडद्यावर अशी टाकायची की चित्र हलल्याचा भास व्हावा. सोबत निवेदन आणि गाणी. कंदिलाचा उजेड तो केवढा! पण तेव्हा घराघरात वीज नव्हती. सूर्य मावळला की काळोख फुकट मिळायचा, उजेडालाच पैसे पडायचे. खारघरमध्ये उलटं आहे. इथे रस्त्यावरचे दिवे, समोरच्या टॉवरची गच्ची, मेट्रोचे डबे, सगळीकडून उजेड घरात शिरतो. काळोख हवा तर तो कुणाकडून तरी मागून घ्यावा लागतो.

आणि मागणं हेच तर लुमेनरावांना जड जात होतं. दुसरं मशीन आलं साठ हजारांचं, ३,२०० लुमेनचं, आणि हे खरे, मोजलेले. सोबत खिडक्यांना जाड काळे पडदे, भिंतीवर करड्या रंगाचा पडदा. "आता कुणाला काही सांगायला नको," ते मला म्हणाले. "ट्यूब लावा, नाचा, काय वाट्टेल ते करा."

चित्र झळझळीत आलं, हे कबूल करायला हवं. क्रिकेटची मॅच तर ट्यूबखालीही छान दिसे. पण हिशेब पाहा. ट्यूबचा उजेड पडद्यावर पडतो तो पडतोच. पांढरं दहापट उजळलं तरी काळं करडंच राहिलं. रात्रीचा प्रसंग आला की सगळा सिनेमा राखेत बुडवल्यासारखा. एवढे पैसे मोजल्यावर राख कोण बघणार? कागद पुन्हा फ्रिजवर चढला, या वेळी ७.३० पासून. आजींचा दिवाण आतल्या खोलीत गेला. त्यांच्यामागे मेथी गेली, गृहपाठ गेला, डब्याची तयारी गेली. काळ्या पडद्यांमुळे मेट्रोही दिसेनाशी झाली. हॉलमध्ये लुमेनराव एकटे, आतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बाकीचं सगळं घर, आणि मधल्या दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेवरून रोजची कुरबुर.

सुरक्षा दाराच्या जाळीतून कॉमन पॅसेजच्या ट्यूबचाही उजेड आत यायचा. एका शनिवारी लुमेनरावांनी स्टूल घेऊन ती ट्यूबच काढून ठेवली. त्याच रात्री चौथ्या मजल्यावरच्या काकू लिफ्ट बंद म्हणून जिन्याने चढत होत्या. हातात दळणाची पिशवी. पायरी चुकली, गुडघा आपटला, पीठ तिसऱ्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत.

सोसायटीची मीटिंग बसली.

"दोनच तासांचा प्रश्न होता," लुमेनराव म्हणाले.

"तुमचा दोन तासांचा," काकू म्हणाल्या, "माझा दोन महिन्यांचा."

दंड झाला, ट्यूब परत लागली. लुमेनरावांनी सुरक्षा दारालाही काळा पडदा लावला.

काळोखाची किंमत घरात कोण मोजतं यावर आपल्याकडे पूर्वीच एक मोठा दाखला होऊन गेला आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पैसा उभा करायचा तर लोकांना काहीतरी दाखवायला हवं, म्हणून त्यांनी 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली आणि ओळखीच्या मोजक्या मंडळींना दाखवली. मग 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ ला तो गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. पण त्या काळी कच्ची फिल्म यायची तिच्या कडेला छिद्रं नसायची. ती घरी पाडावी लागत, आणि तीही मिट्ट काळोखात, नाहीतर फिल्म जळालीच. ते काम सरस्वतीबाई करत, कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक उरकल्यावर. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या नटांच्या तोंडावर उजेडही पाडत. म्हणजे उजेडही त्यांचा आणि काळोखही त्यांचाच. दादासाहेबांनी फ्रिजवर कागद लावल्याचं काही माझ्या वाचनात नाही.

आता पोराची गोष्ट.

बायकोचा अबोला आणि मुलाचं तुटक वागणं यावर उतारा म्हणून लुमेनरावांनी गेम खेळायचं कन्सोल आणलं. मोठ्या पडद्यावर गाड्यांची शर्यत! पोरगं पहिल्या दिवशी हरखलं आणि आठवड्याभरात कंटाळलं. कारण विचित्र होतं. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी किंचित उशिरा वळायची.

"बाबा, मी वळवतो तेव्हा ती आधीच कठड्याला लागलेली असते."

"तुझा हात मंद आहे. सराव कर."

हात मंद नव्हता, मशीन मंद होतं. ते ठेवलं होतं कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या कपाटावर, भिंतीला तिरकं. तिरकं ठेवलं की चौकोनाचा पतंग होतो, आणि तो पुन्हा चौकोन करायला मशीन आतल्या आत प्रत्येक चित्र ओढूनताणून सरळ करतं. त्याच्या जोडीला रंग खुलवण्याचे आणखी उद्योग. सिनेमात हे कळत नाही, तिथे आपण फक्त बघत असतो. खेळात सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एकाच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग. अशी चार-पाच चित्रं मागे पडली की गाडी खड्ड्यात. मुलाने हे सगळं वाचून काढलं होतं. उपायही साधा : मशीन भिंतीच्या बरोबर समोर, मध्यावर, सरळ ठेवायचं, ती चौकोन करायची सोय बंद करायची आणि गेम मोड चालू. पण हॉलचा मध्य म्हणजे पूर्वी आजींचा दिवाण होता ती जागा. आता तिथे लुमेनरावांची आरामखुर्ची आली होती, आणि ती हलवायची नव्हती.

पोराने वाद घातला नाही. त्याने माळ्यावरून ते जुनं सात हजारांचं मशीन काढलं आणि मित्राच्या घरी नेलं. पुढे काही महिने ते कुठे होतं कुणास ठाऊक.

ते परत दिसलं गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी. आमचा सोसायटीचा गणपती खाली पार्किंगमध्ये बसतो, खांबांच्या आडोशाला, म्हणजे पाऊस कितीही कोसळला तरी आरती कोरडी. चतुर्थीची आरती झाली की बायकांची दुसऱ्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीची तयारी सुरू होते. चटया पसरून आठ-दहा जणी बसलेल्या. अळूची देठं सोलायची, लाल माठ निवडायचा, पडवळ-शिराळी-भोपळा चिरायचा, मक्याच्या कणसांचे तुकडे करायचे. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर लुमेनरावांच्या आई, मांडीवर ताट. वहिनीही तिथेच. लुमेनराव स्वतः डोंबिवलीला चुलत्यांच्या दीड दिवसाच्या गणपतीला गेले होते.

पोरांनी दोन खांबांच्या मध्ये डबलबेडची पांढरी चादर ताणून बांधली. मला वाटलं, आता दिवे घालवणार आणि बायका ओरडणार. पोरगं सरळ आजीकडे गेलं.

"आजी, तुला उजेड कुठे हवाय?"

"ताटात, आणखी कुठे?"

"ताटातच ना? चादरीवर नको ना?"

"चादरीला काय करायचाय मला?"

झालं. त्याने अभ्यासाचा दिवा आणून खांबाला बांधला, खाली तोंड करून. उजेड बाजूला सांडू नये म्हणून मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा त्याभोवती गुंडाळला. बायकांच्या चटया प्रोजेक्टरच्या मागे सरकवल्या. दिवा आता सगळ्यांच्या हातांवर पडत होता आणि चादरीवर त्याचा मागमूस नव्हता. चादरीच्या डोक्यावरच्या दोन ट्यूब वॉचमनने आपणहून बंद केल्या. खेळायच्या यादीत त्याच्या मुलीचा नंबर चौथा होता. जिन्याच्या तोंडाशी असलेला दिवा मात्र चालूच राहिला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि पोरगं म्हणालं, "नाही काकू, तो राहू दे, आम्ही चादर फिरवतो." गाठी सोडून चादर पुढच्या खांबाला बांधली, जिन्याकडे पाठ करून.

मग मशीन, पाटावर पाट ठेवून, अगदी समोर, अगदी सरळ. आणि एक शहाणपण त्याने असं केलं की चित्र शंभर इंचांचं मागितलंच नाही. मशीन जवळ आणलं, रुंदी निम्मी केली. रुंदी निम्मी की क्षेत्रफळ पाव, आणि तोच उजेड चौपट दाट. दोनशे लुमेनची गाडी चादरीवर अशी लालबुंद धावायला लागली की बायकांचे हात थांबले.

प्रत्येकाला दोन फेऱ्या, मग पुढचा. समोर जागा मिळाली नाही ती चिल्लीपिल्ली चादरीच्या मागे जाऊन बसली. चादर पातळ, पलीकडूनही चित्र दिसतं. फक्त डावं-उजवं उलटं. जुन्या गणेशोत्सवांत रस्त्यावर पडदा लावून सिनेमे दाखवत तेव्हाही पडद्यामागे बसणारे असायचे, त्यांचा नायक कायम डावखुरा. इथे पुढचे ओरडत "लेफ्ट, लेफ्ट!" आणि मागचे "राईट, राईट!", आणि खेळणारा भांबावून सरळ भिंतीत. पार्किंग नुसतं दणाणत होतं. पहिल्या मजल्यावरचे एक रिटायर्ड गृहस्थ "आवाज कमी" सांगायला म्हणून उतरले आणि यादीत नाव घालून बसले.

नऊच्या सुमारास गेटमधून एक गाडी वळली, दोन्ही दिवे वरच्या झोतावर. चादर एकदम कोरी झाली. शर्यत, रस्ता, गाड्या, सगळं नाहीसं. चाळीसएक गळ्यांतून एकच आरोळी उठली :

"लाईऽऽट! ओ काका, लाईट!"

ते लुमेनराव होते. त्यांनी दिवे घालवले. त्यांची पार्किंगची जागा नेमकी चादरीच्या मागची. वॉचमनने हाताने खुणावत, पोरं बाजूला करत गाडी अंधारातच आत घेतली. इंजिन बंद झालं, पण दार काही लवकर उघडलं नाही. काचेवर वायपर दोनदा फिरले. समोर चादरीवर त्यांच्याच माळ्यावरचं मशीन उलटी शर्यत दाखवत होतं.

शेवटी ते उतरून बॉनेटला टेकून उभे राहिले. खाली बसलेल्या एका पहिलीतल्या पोराने त्यांच्या पँटला हिसका दिला. "काका, इथून उलटं दिसतं. पण मज्जा येते." मग पुढून कुणीतरी चादरीखालून कंट्रोलर सरकवला. त्या पोराचा नंबर आला होता, पण त्याला काकांनी खेळायला हवं होतं.

लुमेनराव खेळले. डावीकडे वळवलं की गाडी त्यांच्या डोळ्यांना उजवीकडे जायची. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याला कठडा, पुन्हा रस्ता, पुन्हा कठडा. मागची पोरं हसून लोळायला लागली. पुढच्यांना कळेना की हे कोण.

"कोण रे तो?" आजींनी देठ सोलता सोलता विचारलं. "सारखा आपटतोय."

"बाबा आहेत, आजी. मागून खेळतायत."

"मागे काय करतोय तो? पुढे ये म्हणावं."

लुमेनराव वाकून चादरीखालून आले. इकडे उजेड होता, फक्त ताटांपुरता. आईच्या खुर्चीशी चटईचा एक कोपरा मोकळा होता, तिथे ते बसले, अजून कंट्रोलर हातातच. पोराने तो हळूच काढून घेतला आणि पुढच्या नंबरला दिला. आजींनी अळूच्या देठांची अर्धी पेंडी त्यांच्या मांडीवर टाकली.

"सोल. हाताला चिंच लाव आधी, नाहीतर खाजेल. आणि जरा तिकडे सरक, माझ्या उजेडात बसू नकोस."